पहिला कुत्रा वाढलेला घ्यावा

पहिल्यांदाच कुत्रा पाळू पाहणाऱ्या माणसाने ‘कोणत्या जातीचा घेऊ?’ असे विचारायचा अवकाश, की उत्तरे देणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाकडे तयार याद्या असतात. लॅब्राडॉर नवख्यांसाठी उत्तम, गोल्डन रिट्रीव्हर लहान मुलांच्या घरात बिनधास्त आणावा, हस्की आणि रॉटवायलर यांच्या वाटेला जाऊ नये, घर लहान असेल तर पग बरा. दुसऱ्या तटाला या याद्यांचा रागच येतो. जातीत काही नसते, सारे संगोपनावर असते, वाईट कुत्रा म्हणून काही नसतो, वाईट मालक तेवढे असतात, असे हा तट ठासून सांगतो. एकाचा सारा भर ‘खाण तशी माती’ या म्हणीवर, तर दुसऱ्याची श्रद्धा अशी की माती कुठलीही असो, कुंभार चांगला असला की घडा चांगलाच उतरणार. वाद इतका रंगतो की मूळ प्रश्न विचारणारा माणूस बाजूलाच राहतो. पुढची दहा-बारा वर्षे त्याला एका जिवंत, भुंकणाऱ्या, आजारी पडणाऱ्या आणि आपल्याशिवाय दुसरे कोणी नसलेल्या प्राण्याबरोबर काढायची असतात, आणि त्याच्या हाती पडते ती एक यादी किंवा एक उपदेश.

माझे मत आधीच सांगून टाकते. दोन्ही तट चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. नवख्या माणसापुढचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय वयाचा असतो. त्याने पिल्लू घेऊ नये. दीड-दोन वर्षे ओलांडलेला, ज्याचा स्वभाव डोळ्यांनी पाहता येतो, ज्याच्याबरोबर चार वेळा फिरून येता येते, असा कुत्रा घ्यावा. जातीकडे जरूर पाहावे, पण औषधाच्या वेष्टनावरची सूचना वाचावी तसे. कोणती अडचण संभवते एवढे तिथून कळते, हा विशिष्ट कुत्रा कसा निघेल याची हमी तिथे कोणी देत नाही. हे मत अनेकांना रुचणार नाही, कारण पिल्लाचा मोह मोठा असतो. तो मोह मला परका नाही. मीही माझा पहिला कुत्रा पिल्लू असतानाच आणला होता, आणि तोही एका यादीतून निवडून.

जात म्हणजे काय, येथूनच गोंधळाला सुरुवात होते. लिहिताना अनेक जण ‘प्रजाती’ हा शब्द वापरतात, तो येथे सरळ चूक आहे. चिवावापासून ग्रेट डेनपर्यंत सारी कुत्री एकाच प्रजातीची आहेत. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ आज साडेतीनशेच्या आसपास जातींना मान्यता देतो, म्हणून या रेषा जणू निसर्गानेच आखल्या असाव्यात असे वाटू लागते. प्रत्यक्षात आज आपण पाहतो त्या बंदिस्त स्वरूपात यांतल्या बहुतेक जाती फार तर दीडशे वर्षांच्या आहेत. त्याआधी कुत्रा ओळखला जाई तो कामावरून: मेंढ्या वळणारा, बिळात शिरून प्राणी बाहेर काढणारा, पाण्यात पडलेला पक्षी उचलून आणणारा. १८५९ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळीच्या नोंदवह्या आल्या, आणि ‘हा काय करतो?’ या प्रश्नाची जागा ‘हा दिसतो कसा आणि याचे आईबाप कोण?’ या प्रश्नाने हळूहळू घेतली. मेंढपाळांनी हा बदल मुकाट्याने स्वीकारला नाही. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोंदवहीत वंशावळ ठाऊक नसलेल्या कुत्र्यालाही निव्वळ कामाच्या गुणावर जागा मिळू शकते. १९९५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीला प्रदर्शनाची जात म्हणून मान्यता दिली, तेव्हा या मान्यतेला कडाडून विरोध केला तो कॉलीवर जीव असलेल्या, तिच्याकडून रोज काम करून घेणाऱ्या लोकांनीच. रूपासाठी पैदास सुरू झाली की स्वभाव मागे पडेल, ही त्यांची भीती होती. शतकानुशतके कुत्र्यावर ज्यांचे पोट अवलंबून होते ते लोक वाढलेला कुत्रा कामावर पाहून त्याची पारख करीत, ही गोष्ट आजच्या नवख्याने का विसरावी?

तरीही जात म्हणजे नुसते नाव आहे, असे म्हणणाऱ्यांचे मी मान्य करणार नाही. शेकडो पिढ्यांची निवड रक्तात उतरते, आणि ती कशी उतरते हे एकदा जवळून पाहिले की विसरता येत नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे बॉर्डर कॉली आहे. घर प्रेमळ, माणसे समजूतदार, कुत्रा कधी उपाशी नाही, कधी मार खाल्लेला नाही. एका दुपारी तिच्या मुलाच्या मनगटी घड्याळाच्या काचेवरून उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडला. कॉली जिथे होता तिथे थिजला. पोट जमिनीला टेकेल इतका खाली वाकला, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला, मान ताणलेली, डोळे त्या कवडशावर खिळलेले. मेंढीसमोर मेंढपाळाचा कुत्रा असाच उभा राहतो. मुलाला गंमत वाटली, त्याने मनगट हलवले, कवडसा धावला आणि कुत्रा भिंतीवर झेपावला. महिन्याभरात तो घड्याळ नसतानाही त्या भिंतीसमोर बसून राहू लागला. हाक मारली तर मान वळत नसे. या कुत्र्याला कोणी बिघडवले? मेंढ्या वळण्यासाठी घडवलेल्या नजरेला मेंढ्या मिळाल्या नाहीत, आणि ती नजर भिंतीला जाऊन चिकटली. येथे संगोपनाचे प्रवचन देणे म्हणजे त्या घराला नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा देणे होय.

शरीराच्या बाबतीत तर जातीचे म्हणणे आणखी स्पष्ट असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की साधारण चारांतल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्याची अन्नाची ओढ आणि वजन दोन्ही जास्त असतात. म्हणजे ‘हा खादाड आहे’ असे आपण लाडाने म्हणतो तेव्हा बिचाऱ्याचे पोट भरल्याचा निरोपच नीट पोहोचत नसतो. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण मोठे आहे. डॅक्सहुंडच्या आखूड पायांबरोबर मणक्याच्या चकतीचा विकार येतो. आखूड नाकाच्या कुत्र्यांना श्वासासाठी झगडावे लागते. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये हृदयाच्या झडपेचा विकार इतका सर्रास आढळतो आणि कवटी मेंदूला इतकी अपुरी पडते, की नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिथली त्या जातीची पैदास प्राणिकल्याण कायद्याशी विसंगत ठरवली. ब्रिटनमधील ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मी कुत्री ज्याहून अधिक जगतात ते वय, साडेबारा वर्षे निघाले. छोट्या डॅक्सहुंडचे १४, तर फ्रेंच बुलडॉगचे जेमतेम ९.८. याच अभ्यासात मिश्र रक्ताची कुत्री शुद्ध जातीच्या कुत्र्यांपेक्षा अधिक जगतात हा लाडका समजही टिकला नाही. तो समज मीही वर्षानुवर्षे लोकांना सांगत आले होते, आणि तो आता मला सोडून द्यावा लागतो. म्हणजे रोग, आयुष्य, अंगावरचे केस, प्रौढ वजन आणि एखाद्या विशिष्ट हालचालीची ओढ या बाबतींत याद्यावाल्यांचे पारडे जड आहे, आणि ते तसे आहे हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे.

मात्र नवख्याला खरोखर हवे असते ते वेगळेच. कुत्रा पाहुण्यांना घाबरेल का, मुलाने शेपटी ओढली तर काय करील, एकटा राहिला तर आकांत करील का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. आणि नेमक्या याच प्रश्नांवर जातीची जीभ अडखळते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय आराखडे एकत्र पडताळले गेले. कुत्र्याकुत्र्यांतील वागणुकीच्या फरकाचा केवळ नऊ टक्के भाग जातीवरून समजावता येतो, असे त्यातून दिसले. माणसाचे ऐकण्याची तयारी यासारख्या काही गुणांत जातीचा वाटा तुलनेने जास्त होता. पण भीतीदायक किंवा त्रासदायक प्रसंगी कुत्रा किती लवकर बिथरतो या बाबतीत तो अगदीच क्षीण निघाला. सर्वांत कमी हेल काढून रडणारी जात लॅब्राडॉर ठरली, तरी तिच्याही आठ टक्के मालकांनी आपला कुत्रा कधीमधी तसा रडतो असे सांगितले. मालकांच्या उत्तरांवर किती विसंबावे, ही शंका रास्त आहे. पण अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बेसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर या पाच जातींची पिल्ले सारख्या परिस्थितीत वाढवून वर्षानुवर्षे पाहिली, आणि १९६५ मध्ये आपले निष्कर्ष मांडताना जातीजातींतील फरकांबरोबरच एकाच जातीच्या आत केवढी विविधता असते याचीही नोंद केली. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ हे आपण माणसांबद्दल म्हणतो. ते कुत्र्यांनाही लागू पडते, हे प्रयोगशाळेत कळून आता साठ वर्षे झाली.

आता याद्यांतले सर्वांत सुरक्षित समजले जाणारे उत्तर घेऊ. ‘डोळे मिटून लॅब्राडॉर घ्या.’ ही जात १९९१ पासून सलग ३१ वर्षे अमेरिकेत नोंदणीत पहिली होती आणि २०२२ मध्ये तिला मागे टाकले ते फ्रेंच बुलडॉगने, म्हणजे वर पाहिलेल्या त्या ९.८ वर्षांच्या कुत्र्याने. लोकप्रियता हा सुयोग्यतेचा पुरावा मानायचा तर हा क्रम आपल्याला काय सांगतो? लॅब्राडॉर हा तोंडात वस्तू धरून आणण्यासाठी घडवलेला, पूर्ण वाढल्यावर तीस किलोंच्या घरात जाणारा, पहिली दोन वर्षे अंगात वारे भरल्यासारखा धावणारा कुत्रा आहे. कामाच्या वंशातला लॅब्राडॉर आणि प्रदर्शनाच्या वंशातला लॅब्राडॉर यांच्या चपळाईत आणि सहनशक्तीत इतका फरक असतो की त्यांना एका नावाने हाक मारणे ही नवख्याची दिशाभूलच आहे. एखाद्या सत्तरीतल्या जोडप्याला, ज्यांच्या खांद्यांत आता जोर उरलेला नाही, केवळ ‘स्वभावाने गरीब’ म्हणून हा कुत्रा सुचवणारा माणूस पट्ट्याला बसणाऱ्या हिसक्याचा विचार करीत नाही. दुसरीकडे, ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेग गाठणारा ग्रेहाउंड लहान घराच्या यादीत कोणी घालत नाही. वास्तविक शर्यतीतून निवृत्त झालेले हे कुत्रे दिवसाचा बहुतेक वेळ गादीवर लोळण्यात घालवतात. पळणारे मांजर किंवा ससा दिसल्यावर मात्र त्यांच्यावर विसंबू नये. आकार पाहून सोय ठरवणाऱ्याला या दोन कुत्र्यांनी एकदम निरुत्तर करावे.

ॲलर्जीच्या नावाखाली जात निवडणाऱ्यांसाठी एक जुनी हकिकत पुरेशी आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरन यांनी हवाई बेटांवरच्या एका अंध महिलेसाठी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर घडवला, कारण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांचा त्रास होई. त्या वेताच्या तीन पिल्लांपैकी एकाच्याच केसांनी आणि लाळेने त्या पतीला त्रास झाला नाही. एकाच आईच्या कुशीतली तीन पिल्ले, आणि उपयोगाचे एक! तरी जगाने त्यातून काढलेला अर्थ असा की ही ‘जात’ ॲलर्जी होऊ देत नाही. पुढे तिची जी बेफाम पैदास झाली ती पाहून कॉनरन यांनी स्वतःच या कामाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ॲलर्जी असलेल्या माणसाने त्या ठरावीक कुत्र्याजवळ काही तास, काही दिवस बसून पाहावे. तो कुत्रा समोर असल्याशिवाय हे करता येत नाही.

येथे माझ्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप येतो, आणि तो मी टाळू इच्छित नाही. पिल्लू घेतले की त्याला हवे तसे वळण लावता येते. मोठ्या कुत्र्याची खोड जन्माची. स्कॉट आणि फुलर यांनीच दाखवले की वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू माणसांशी, आवाजांशी, जगाशी ओळख करून घेते आणि शिकण्याच्या या काळाची खिडकी मिटल्यावर राहिलेली कसर भरून काढणे कठीण जाते. मग ती खिडकी उघडी असतानाच कुत्रा घरात का आणू नये? आक्षेप खरा आहे, पण त्याचे गणित पूर्ण मांडून पाहावे. पिल्लू साधारणपणे आठव्या आठवड्यात घरी येते. नऊ आठवड्यांपैकी पाच तोवर पैदास करणाऱ्याच्या हाती गेलेले असतात, आणि तिथे काय घडले हे नवख्याला कळत नाही. उरलेले चार आठवडे असे, की लसीकरण अपुरे म्हणून पिल्लाला बाहेर न्यायची भीती आणि घरात कोंडले तर जगाची ओळख राहून जायची भीती. अनुभवी माणूस यातून वाट काढतो. त्याला कडेवरून फिरवतो, निवडक माणसे घरी बोलावतो, आवाजांची सवय थोडी थोडी लावतो. ज्याने आजवर कुत्र्याचे कानही नीट वाचलेले नाहीत त्याच्या हाती आयुष्यातले सर्वांत नाजूक चार आठवडे द्यायचे, आणि याला सोपा मार्ग म्हणायचे? खिडकी महत्त्वाची आहे म्हणूनच ती नवख्याच्या शिकाऊपणात खर्ची पडू नये. वाढलेल्या कुत्र्यात त्या खिडकीतून काय आत आले आणि काय राहून गेले, हे आपल्यासमोर असते.

शिवाय वळण लावण्याचे काम त्या चार आठवड्यांत आटोपत नाही. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच महिन्यांचे असताना ऐकणारे कुत्रे आठव्या महिन्यात आपल्या सांभाळणाऱ्याची आज्ञा मोडू लागले, आणि तेही परक्याचे ऐकत असताना. वयात येणाऱ्या मुलांचे आईबाप हे वर्णन लगेच ओळखतील. पिल्लाच्या गोंडस चेहऱ्यावर भाळून घेतलेला निर्णय याच महिन्यांत डगमगतो. तो कुत्रा मग निवारा केंद्राच्या दारात येतो; वर्षाचा, धडधाकट, गोंधळलेला. पुढे वर्षभरात तो स्थिरावला असता, पण तेवढे थांबायला कोणी राहिलेले नसते.

पिल्लू पाहून कुत्रा ओळखता येतो, असे वाटणाऱ्यांनी लिओनहार्ड सेप्पाला यांची गोष्ट आठवावी. स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांबाबत त्यांच्याइतका जाणता माणूस त्या काळी अलास्कात क्वचितच असेल. त्यांच्याकडे जन्मलेले टोगो हे सायबेरियन हस्कीचे पिल्लू लहानखुरे, आजारी आणि उपद्रवी होते. स्लेजच्या कामाचे नाही असे ठरवून त्यांनी ते घरात पाळण्यासाठी एका बाईंना देऊन टाकले. टोगोने खिडकीच्या काचेतून बाहेर उडी घेतली आणि मैलोन् मैल पळत तो परत आला. १९२५ च्या जानेवारीत नोम गावात घटसर्पाची साथ पसरली आणि औषध कुत्र्यांच्या गाड्यांवरून आणावे लागले, तेव्हा सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा सेप्पालांनी टोगोला पुढे जुंपूनच पार केला. शेवटचा टप्पा पार करणारा बाल्टो हाही त्यांच्याच तांड्यातला, आणि त्यालाही त्यांनी कधी पहिल्या प्रतीचा मानले नव्हते. एकच जात, एकच तांडा, आयुष्य कुत्र्यांत घालवलेला मालक, आणि अंदाज दोनदा चुकला. अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थांचा अनुभवही हेच सांगतो. पिढ्यान्पिढ्या निवडलेले आईबाप आणि प्रशिक्षित सांभाळणारे असूनही बरीच पिल्ले, काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास, अखेरीस त्या कामाला अपुरी ठरतात. जे या संस्थांना सातव्या आठवड्यात कळत नाही ते टोपलीत हात घालणाऱ्या नवख्याला कसे कळणार?

‘निवारा केंद्रातल्या कुत्र्याचा भूतकाळ कोणाला ठाऊक असतो?’ हा पुढचा प्रश्न. हाही खोटा नाही. जाळीआड भेदरून कोपऱ्यात बसलेला कुत्रा घरी आल्यावर आठवड्याभरात वेगळाच होऊ शकतो, कधी चांगल्या अर्थाने, कधी वाईट. तिथे चिकटवलेले जातीचे नावही पुष्कळदा नुसते नजरेने ठरवलेले असते आणि जनुकीय तपासणीत ते वारंवार चुकीचे ठरते. म्हणूनच मी एका भेटीत निर्णय घ्या असे म्हणत नाही. जो कुत्रा काही आठवडे कोणाच्या तरी घरी तात्पुरता राहिलेला आहे तो सर्वांत बरा, कारण तो रात्री झोपतो कसा, दार वाजले की काय करतो, हे सांगणारा माणूस असतो. शिवाय वाढलेला कुत्रा म्हणजे निवारा केंद्रातलाच, असेही नाही. शर्यतीतून निवृत्त झालेले, मार्गदर्शकाच्या कामातून बाद झालेले, मालक वारल्यामुळे किंवा परदेशी गेल्यामुळे पोरके झालेले कुत्रे असतात, आणि त्यांचा इतिहास पुष्कळदा तपशीलवार उपलब्ध असतो.

ज्याला पिल्लूच हवे आहे त्याने निदान पिल्लाकडे कमी आणि त्याच्या आईकडे जास्त पाहावे. ती माणसाजवळ येते का, पिल्लांना परक्याने हात लावला तर ती ताणात येते का, तिच्या खुब्याची, डोळ्यांची, हृदयाची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. चांगला पैदासकार उलट आपल्यालाच चार प्रश्न विचारतो आणि प्रसंगी नकार देतो. आई दाखवता येणार नाही असे कोणी म्हणाले, तर तिथून मागे वळावे.

‘वाईट मालक तेवढे असतात’ या दुसऱ्या तटाच्या ब्रीदवाक्याबद्दल मला अधिक कठोर बोलावे लागेल, कारण ते मी भोगले आहे. माझा तो यादीतला पहिला कुत्रा बीगल होता: ‘आटोपशीर, प्रेमळ, मुलांचा लाडका’. तसा तो होताही. मात्र मोकळ्या मैदानात त्याचे नाक एकदा जमिनीला लागले की मी त्याच्यासाठी अस्तित्वातच नसे. दहा हाका मारल्या तरी तो गवतातली ती अदृश्य रेघ हुंगत नागमोडी चालत राही, आणि मी पट्टा हातात घेऊन मागे धावत असे. तेव्हा भेटणारा प्रत्येक जाणकार मला म्हणे की दोष मालकाचा असतो. मी वर्षभर स्वतःला बोल लावला, आणि खरे सांगायचे तर त्या रागाचा काही भाग त्या मुक्या जिवावरही निघाला. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्न मुलांच्या आयांना असेच ऐकवले गेले होते. तुमच्या थंड वागण्याने मूल असे झाले, असे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते, आणि ते शास्त्र खोटे ठरेपर्यंत एका पिढीच्या आया त्या अपराधाखाली जगल्या. संगोपनच सर्व काही, हे तत्त्व ऐकायला उदार वाटते. त्याचा हिशेब शेवटी घरातल्या माणसाच्या आणि कुत्र्याच्या नावावर मांडला जातो.

आणि चेहऱ्यावरून स्वभाव ठरवणाऱ्यांनी इटलीतील गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोसो यांना आठवावे. १८७६ मध्ये त्यांनी कवटी आणि जबडा पाहून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे मांडले, आणि कितीतरी दिवस शहाण्यासुरत्या लोकांनी ते मान्य केले. ब्रिटनने १९९१ मध्ये चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली तेव्हा कुत्रा बंदी असलेल्या प्रकारचा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी पुन्हा अंगाची मापेच घ्यावी लागली. २०२३ अखेर त्या यादीत पाचवा प्रकार घालावा लागला. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर इजा भयंकर होते, हे निर्विवाद आहे आणि नवख्याने ते लक्षात घ्यावेच. पण यादीबाहेरचा कुत्रा निर्धोक, असा दिलासा त्यातून घेणाऱ्याला घरातल्या लहान मुलासमोर गुरगुरणारा ‘प्रेमळ जातीचा’ कुत्रा वेळेवर दिसत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका सहकाऱ्याने मला तोच प्रश्न विचारला: पहिलाच कुत्रा आहे, कोणती जात घेऊ? मी त्याला उलट विचारले की सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास, पाऊस असो वा ताप असो, तुझ्याकडे आहे का. दिवसा घर किती तास रिकामे असते. आणि आई तुझ्याबरोबर राहते तिचे गुडघे कसे आहेत. उत्तरे ऐकून आम्ही धावपळीचे, ओढाळ आणि फार मोठे कुत्रे बाजूला काढले. जातीचा उपयोग आम्ही एवढाच केला. मग अडीच वर्षांच्या एका तपकिरी कुत्र्याला तीनदा भेटलो. पहिल्या भेटीत तो आमच्याकडे पाठ करून बसला. दुसऱ्या भेटीत पट्टा लावू दिला, पण दाराबाहेर पडेना. तिसऱ्या भेटीत तो सहकाऱ्याच्या पायाशी पायाशी चालत होता, तेव्हा माझ्या हातून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला. मुद्दाम टाकला नव्हता, पण पडल्यावर मी तो उचलला नाही. कुत्रा दोन पावले मागे उडाला, शेपूट पायांत गेली, कान मागे पडले. आम्ही दोघेही हललो नाही. काही क्षण गेले, मग त्याने मान लांबवली, एक पाऊल पुढे टाकले, जुडग्याचा वास घेतला, नाकाने तो एकदा ढकलून पाहिला आणि सहकाऱ्याच्या तोंडाकडे बघत अंग झाडले. दचकत नाही असा कुत्रा नसतो. दचकल्यावर हा इतक्या लवकर सावरला. त्याच्या कागदावर जातीच्या रकान्यात ‘मिश्र’ एवढाच शब्द होता. सहकाऱ्याने खाली सही केली.